प्रबोधनकालीन चित्रांतील दडलेली भूमिती : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे युरोपातील प्रबोधनकाळाच्या चित्रांसंबंधी आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : या चित्रांच्या रचनेमागे खरोखर भूमिती होती का, आणि असल्यास ती कशी ओळखायची? सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मोनालिसाच्या चेहऱ्यावर आणि बॉटिचेल्लीच्या ‘व्हीनसचा जन्म’ या चित्रावर सोनेरी रंगाचे सर्पिल रेखाटून दाखवतात आणि प्रबोधनकाळातील चित्रकार सुवर्ण गुणोत्तर गुप्तपणे वापरत असत, असे सांगतात. हे कितपत खरे आहे?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : या दाव्याला आधार फार थोडा आहे. तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, तेव्हा आधी मापेच पाहू. मोनालिसा ज्या लाकडी फळीवर रंगवली आहे, ती ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे. या दोन मापांचे गुणोत्तर सुमारे १.४५ येते, तर सुवर्ण गुणोत्तर सुमारे १.६१८ आहे. ‘व्हीनसचा जन्म’ हे चित्र १७२.५ सेंटिमीटर उंच व २७८.५ सेंटिमीटर रुंद असल्यामुळे त्याचे गुणोत्तर १.६१ च्या पुढे जाते आणि म्हणूनच ते नेहमी उदाहरणादाखल दिले जाते. परंतु त्याच चित्रकाराच्या ‘प्रिमाव्हेरा’ या तेवढ्याच प्रसिद्ध चित्राचे गुणोत्तर सुमारे १.५५ आहे, याचा उल्लेख मात्र कोणी करत नाही. एखाद्या चित्रकाराचा नियम सांगायचा असेल, तर त्या नियमात न बसणारी चित्रेही मोजावी लागतात.

सर्पिलाची अडचण याहून मोठी आहे. ते कोठून सुरू करायचे, किती मोठे काढायचे, डावीकडे वळवायचे की उजवीकडे, आणि त्याची रेघ किती जाड ठेवायची, हे सगळे काढणारा स्वतःच ठरवतो. इतके स्वातंत्र्य हाती असले, की बहुतेक कोणत्याही चित्रातील नाक, बोट किंवा पदराचे टोक त्या वळणावर आणून बसवता येते. यातून चित्रकाराचा हेतू सिद्ध होत नाही.

आता इतिहासाकडे वळू. ज्याला आपण सुवर्ण गुणोत्तर म्हणतो, ते युक्लिडला ठाऊक होते : एका रेषेचे असे दोन भाग करायचे, की संपूर्ण रेषेचे मोठ्या भागाशी जे प्रमाण, तेच मोठ्या भागाचे लहान भागाशी असावे. लुका पाचोली या गणितज्ञ संन्याशाने त्यावर ‘दिव्य प्रमाण’ या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ लिहिला. तो १५०९ मध्ये व्हेनिसमध्ये छापला गेला आणि त्यातील बहुफलकांच्या, म्हणजे अनेक सपाट बाजू असलेल्या घनांच्या, आकृत्या लिओनार्दो दा विंचीच्या रेखाटनांवरून घेतलेल्या आहेत. येथवर ऐकणाऱ्याला वाटते, की झाले, पुरावा मिळाला. परंतु हाच पाचोली माणसाच्या शरीराविषयी आणि वास्तूविषयी बोलू लागतो, तेव्हा तो व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाच्या मार्गाने जातो आणि साधे अपूर्णांक सांगतो. दिव्य प्रमाणाची त्याची ओढ मुख्यतः पंचकोनाशी आणि पाच नियमित घनांशी निगडित आहे. चित्राची चौकट या प्रमाणात आखावी, असा उपदेश त्याने चित्रकारांना केलेला नाही. ‘सुवर्ण छेद’ हे नाव मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकात १८३५ मध्ये आले आणि हे प्रमाण म्हणजे सौंदर्याचा सार्वत्रिक नियम होय, ही कल्पना आडॉल्फ त्साइझिंग याने १८५४ पासून पसरवली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील एक उत्साही विचार आपण पंधराव्या शतकातील माणसांच्या डोक्यात घालत आहोत.

त्या काळचे लोक प्रमाणाविषयी उदासीन होते, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने वास्तुशास्त्रावरील आपल्या ग्रंथात १:२, २:३, ३:४ ही प्रमाणे संगीतातील स्वरसंवादांवरून घ्यावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. तार अर्धी केली, की वरच्या सप्तकातील तोच स्वर मिळतो, आणि दोनतृतीयांश केली, की षड्जाला पंचम मिळतो, हे आपल्याकडील तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांना सांगायला नको. जो मेळ कानाला गोड लागतो, तोच डोळ्यालाही लागावा, ही त्या काळची खरी श्रद्धा होती. राफाएलच्या ‘अथेन्सची विद्यापीठसभा’ या भित्तिचित्रात पायथागोरसच्या पुढ्यात जी पाटी धरलेली आहे, तिच्यावर नेमकी हीच स्वरांची प्रमाणे आणि १, २, ३, ४ मिळून १० ही आकृती काढलेली आहे. चित्रकाराने आपल्या काळाला प्रिय असलेले गणित येथे उघडपणे रंगवून ठेवले आहे.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांसाठी मुलांकडून कर्तव्यभूमिती करून घेताना, मोठ्या चित्रकारांनीही अशीच भूमिती वापरली होती, असे मी सांगतो. त्याचा प्रत्यक्ष पुरावा काय दाखवावा?
– चित्रकला शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : पुरावा गिलाव्यातच आहे आणि तो मुलांना दाखवण्याजोगा आहे.

फ्लॉरेन्समधील सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये मसाच्चो या तरुण चित्रकाराचे ‘पवित्र त्रिमूर्ती’ हे भित्तिचित्र आहे. ते १४२५ ते १४२७ च्या सुमारास रंगवले गेले आणि १४२८ मध्ये, तिशीही गाठण्याआधी, हा चित्रकार वारला. सपाट भिंतीवर त्याने खोल जाणारी, चौकोनी खणांची एक अर्धगोल कमान रंगवली आहे. भिंतीला आतपर्यंत भगदाड पाडून तेथे दालन बांधले असावे, असा भास पाहणाऱ्याला होतो. त्या कमानीच्या आत जाणाऱ्या सर्व रेषा क्रुसाच्या पायथ्याशी, म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एका बिंदूत मिळतात. हाच तो लोपबिंदू. जवळून आणि तिरप्या प्रकाशात पाहिले, की ओल्या गिलाव्यावर टोकदार साधनाने ओढलेल्या रेघा आणि ताणलेल्या दोऱ्यांचे ठसे दिसतात. गवंडी आणि सुतार जसे सूत मारतात, तसेच हे काम आहे. मेरीच्या आकृतीवर तर चौकटींचे जाळेही कोरलेले आढळते, कारण लहान रेखाटन मोठे करताना चेहऱ्याचे प्रमाण बिघडू नये, ही काळजी होती.

दुसरा पुरावा मिलानमधील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहातील ‘अंतिम भोजन’ या चित्रात आहे. लिओनार्दोने ते १४९५ ते १४९८ च्या सुमारास रंगवले. १९९९ मध्ये संपलेल्या दीर्घ जीर्णोद्धारात ख्रिस्ताच्या उजव्या कानशिलाजवळ खिळ्याचे एक बारीक भोक आढळले. छताच्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवरील पडद्यांच्या कडा नेमक्या त्याच ठिकाणी जाऊन मिळतात. तेथे खिळा ठोकून, त्याला दोरी बांधून, चित्रकाराने भिंतीवर रेषा आखल्या. त्या खोलीतील आत जाणारी प्रत्येक रेष ख्रिस्ताच्या मस्तकाकडे धावते आणि त्यामुळे बारा शिष्यांच्या चार घोळक्यांमध्ये खळबळ उडालेली असतानाही नजर मधोमध परत येते.

वर्गासाठी एक सोपी कृती सुचवतो. या चित्राची मोठी छापील प्रत घ्यावी, तिच्यावर पारदर्शक कागद ठेवावा आणि छताच्या रेषा पट्टीने पुढे वाढवाव्यात. मुलांच्या हातून लोपबिंदू आपोआप सापडेल. सर्पिल आणि या रेषा यांत जो फरक आहे, तो त्यांना येथेच समजावून सांगता येईल : पट्टी कोठे ठेवायची, हे येथे चित्रच ठरवते.

ही पद्धत आली कोठून, हेही सांगावे. पंधराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात फिलिप्पो ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचे एक लहान चित्र काढले, त्याला भोक पाडले आणि पाहणाऱ्याला फळीच्या मागच्या बाजूने त्या भोकातून समोर धरलेल्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहायला लावले. आरसा बाजूला केला, की खरी इमारत दिसे आणि दोन्ही दृश्ये जुळत. १४३५ मध्ये आल्बेर्तीने हीच रीत चित्रकारांसाठी लिहून काढली. चौकटीची खालची कड ब्राच्चो या मापाने विभागायची, माणसाची उंची तीन ब्राच्चो धरायची, मध्यबिंदू, म्हणजे लोपबिंदू, त्या उंचीहून वर न्यायचा नाही आणि खालच्या प्रत्येक खुणेपासून त्या बिंदूकडे रेषा काढायच्या. फ्लॉरेन्सचा ब्राच्चो सुमारे ५८ सेंटिमीटरचा होता. फरशीच्या आडव्या रेषा किती अंतराने जवळ येत जातील, हेही तो बाजूला एक वेगळी आकृती काढून ठरवायला सांगतो, आणि आपण मुलांना यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवण्याची रीत, शिकवताना मूलतः तेच सांगत असतो.

प्रश्न : पिएरो देल्ला फ्रांचेस्का याला ‘भूमितीचा चित्रकार’ का म्हणतात? त्याची चित्रे पाहिली, तर फार शांत वाटतात. त्यांत गणित कोठे आहे?
– सेवानिवृत्त प्राध्यापिका, पुणे

उत्तर : आपण अगदी योग्य नावाकडे बोट दाखवले आहे. या विषयात एकाच चित्रकाराकडे लक्ष द्यायचे असेल, तर मी निःसंकोचपणे पिएरोचे नाव घेईन.

तस्कनीतील बोर्गो सान्सेपोल्क्रो या गावचा हा माणूस १४९२ मध्ये वारला. तो स्वतः गणितज्ञ होता. व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवतात तसल्या हिशोबावर त्याने एक पुस्तक लिहिले आणि त्यात त्रैराशिकापासून पिंपात माल किती मावतो इथपर्यंतची गणिते सोडवून दाखवली. नियमित घनांवर त्याने दुसरा ग्रंथ लिहिला, तो पुढे पाचोलीने इटालियन भाषेत उतरवून, मूळ लेखकाचे नाव न सांगता, आपल्या पुस्तकात घातला. वासारी या चरित्रकाराने त्याबद्दल पाचोलीला कठोर शब्द सुनावले आहेत आणि ते योग्यच होते, असे मला वाटते. तिसरा ग्रंथ खास चित्रकारांच्या यथार्थदर्शनावर आहे. त्यात माणसाचे डोके कललेले असताना कसे दिसेल, हे तो अंदाजाने सांगत नाही. डोक्यावर बिंदूंचे जाळे कल्पून, प्रत्येक बिंदूचे स्थान वेगवेगळे काढून तो ते शोधतो. त्यासाठी लागणारा धागा अतिशय बारीक असावा, घोड्याच्या शेपटीचा केस उत्तम, इतका बारीक तपशील तो देतो. डोळे, पापण्या आणि कान यांच्यासाठी एवढे कष्ट घेणारा माणूस आपल्या चित्रातील शांतता योगायोगावर सोडेल, हे संभवत नाही.

उर्बिनोमधील ‘ख्रिस्ताला फटके’ हे त्याचे लहानसे फळीचित्र पाहावे. ते ५८.४ सेंटिमीटर उंच आणि ८१.५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडराएवढे आहे. डावीकडे, खांबांच्या दालनात दूरवर, ख्रिस्ताला फटके मारले जात आहेत, तर उजवीकडे अगदी पुढे तीन माणसे उभी आहेत. ही तिघे कोण, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही आणि त्या वादात मी येथे जात नाही. क्षितिजरेषा खाली असल्यामुळे फरशी फार चपटी दिसते आणि तिची नक्षी नुसत्या डोळ्यांनी उकलत नाही. रुडॉल्फ विटकोवर आणि बी. ए. आर. कार्टर यांनी १९५३ मध्ये या फरशीचा उलट हिशोब केला, म्हणजे चित्रातील तिरप्या रेषांवरून ती जागा वरून पाहिल्यास कशी दिसेल, याचा नकाशा काढला. तेव्हा असे दिसले, की अवघ्या काही सेंटिमीटरांच्या पट्टीत दाबून बसवलेली ती काळी-पांढरी नक्षी ही एक संपूर्ण, सममित आणि बिनचूक आकृती आहे आणि ख्रिस्ताला बांधलेला खांब एका गडद वर्तुळाच्या मधोमध उभा आहे. पाहणाऱ्याला जे कधी नीट दिसणारच नव्हते, तेही पिएरोने खरे काढले. दडलेली भूमिती म्हणून मला कोणी एकच उदाहरण मागितले, तर मी हेच देईन.

याच चित्राविषयी, त्याची चौकट म्हणजे चौरसाची बाजू आणि कर्ण यांचे प्रमाण आहे, असेही म्हटले जाते. ५८.४ ला दोनच्या वर्गमुळाने गुणले, तर सुमारे ८२.६ येतात, आणि चित्र ८१.५ रुंद आहे. एका सेंटिमीटरचा हा फरक या चित्रकाराच्या बाबतीत मला थोडा वाटत नाही, म्हणून ती गोष्ट मी शक्यता एवढ्याच स्वरूपात मांडतो.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतील ‘ख्रिस्ताचा बाप्तिस्मा’ या चित्राचे तसे नाही. त्या फळीचा माथा अर्धवर्तुळाकार आहे. तिची उंची १६७ आणि रुंदी ११६ सेंटिमीटर आहे. म्हणजे माथ्याच्या वर्तुळाची त्रिज्या ५८ आणि त्याचा मध्य तळापासून १०९ सेंटिमीटरवर येतो. खालच्या कडेवर रुंदीएवढाच चौरस उभारला, तर त्याची वरची कड ११६ सेंटिमीटरवर, म्हणजे त्या मध्याच्या किंचित वर, येते. नेमके तेथेच, पंख पसरून, पवित्र आत्म्याचे प्रतीक असलेले कबुतर तरंगत आहे. त्याच्या खाली बाप्तिस्म्याची वाटी, तिच्याखाली ख्रिस्ताचे मस्तक आणि त्याचे जोडलेले हात, हे सारे चित्राच्या उभ्या मध्यरेषेवर ओळंबा सोडल्याप्रमाणे एकाखाली एक आहेत. वर्तुळ हे स्वर्गाचे आणि चौरस हे पृथ्वीचे प्रतीक मानण्याची परंपरा त्या काळी सर्वांच्या परिचयाची होती. हे वाचन मला विश्वसनीय वाटते, कारण येथे वर्तुळ आणि चौरस आपण मनाने कल्पिलेले नाहीत. फळीच्या आकारानेच ते दिलेले आहेत आणि चित्रकाराने त्यांची सांधणी जिथे होते, तेथे कथेचा सर्वांत महत्त्वाचा क्षण ठेवला आहे. आपल्याला जाणवलेली शांतता बऱ्याच अंशी येथूनच येते : उभ्या मध्यरेषेला आडव्या पंखांनी दिलेला छेद, आणि त्या पंखांसारखेच आकार घेऊन मागे स्थिरावलेले ढग.

प्रश्न : राफाएलच्या मडोना, म्हणजे बाल ख्रिस्तासह काढलेल्या मेरीच्या आकृती, त्रिकोणात बसवलेल्या असतात, असे पुस्तकांत वाचतो. चित्रकार हे ठरवून करत असत का?
– वाचक, बेळगाव

उत्तर : होय, पण तो त्रिकोण पट्टीने आखलेला नसे. व्हिएन्नातील ‘कुरणातील मडोना’ हे १५०६ च्या सुमाराचे चित्र घेतले, तर मेरीचे मस्तक हे शिखर, तिचा पसरलेला पाय हे एक टोक आणि दोन बालके ही दुसरी बाजू, असा मनोरा स्पष्ट दिसतो. या चित्रासाठी राफाएलने केलेली पूर्वरेखाटने उपलब्ध आहेत आणि त्यांत तो आकृत्या पुन्हा पुन्हा हलवून हा मेळ शोधताना दिसतो. रचनेची ही रीत त्याने लिओनार्दोकडून उचलली. सोळाव्या शतकातील लेखक लोमाझ्झो याने १५८४ मध्ये मायकेलअँजेलोचे एक मत नोंदवले आहे, की आकृती मनोऱ्यासारखी आणि सर्पासारखी वळलेली असावी. म्हणजे हा विचार त्या काळच्या चित्रशाळांत बोलला जात होता. मात्र प्रत्येक घोळक्यात त्रिकोण शोधू नये. तीन माणसे एकत्र उभी राहिली, की त्रिकोण होतोच.

प्रश्न : भूमिती इतकी काटेकोर होती, तर ही चित्रे कोरडी का वाटत नाहीत? या चित्रकारांनी नियम कधी मोडले का? आणि हे ज्ञान खरोखर गुप्त ठेवले जात होते का?
– स्थापत्य अभियंता, मस्कत

उत्तर : शेवटच्या भागापासून सुरुवात करतो. १५०६ मध्ये आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने व्हेनिसहून आपल्या मित्राला लिहिले, की ‘गुप्त यथार्थदर्शन’ शिकवायला कोणी तयार आहे, म्हणून मी घोड्यावरून बोलोन्याला जाणार आहे. आल्बेर्तीचा चित्रकलेवरील ग्रंथ लिहून झाल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी, १५४० मध्ये, प्रथम छापला गेला आणि पिएरोचा यथार्थदर्शनावरील ग्रंथ त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही. तेव्हा ज्ञान हस्तलिखितांतून आणि गुरूकडून शिष्याकडे जात होते, एवढ्याच अर्थाने ते गुप्त होते. ड्यूररने स्वतः १५२५ मध्ये मोजमापाच्या शास्त्रावर जर्मन भाषेत पुस्तक छापून ते सगळ्यांसाठी खुले केले.

नियम मोडण्याचे म्हणाल, तर त्यांनी ते जाणूनबुजून मोडले. ‘अंतिम भोजन’ या चित्राचा लोपबिंदू भोजनगृहात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी वर आहे. भूमितीच्या हिशोबाने ते दृश्य जेथून अचूक दिसेल, तेथे कोणीच उभे राहू शकत नाही. तसे केले नसते, तर मेजाचा वरचा पृष्ठभाग आणि त्यावरची भाकरी दिसलीच नसती, आणि या प्रसंगाच्या अर्थासाठी भाकरी दिसणे आवश्यक होते. होल्बाइन या चित्रकाराच्या १५३३ मधील ‘राजदूत’ या चित्रात पायाशी एक लांबट, तिरपा डाग दिसतो आणि चित्राच्या कडेला जाऊन उजवीकडून पाहिले, की त्याची कवटी होते. तेथे तर एकाच चित्रात दोन वेगवेगळी दृष्टिस्थाने योजलेली आहेत.

सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा राफाएलच्या ‘अथेन्सची विद्यापीठसभा’ या १५०९ ते १५११ मधील भित्तिचित्रातले आहे. त्याची वास्तू कडक नियमाने आखलेली असून तिच्या रेषा मधोमध, प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांच्यामध्ये, मिळतात. उजव्या कोपऱ्यात पुढे टॉलेमीच्या हातात पृथ्वीचा गोल आणि झरतुष्ट्राच्या हातात खगोल आहे. आपण अभियंता आहात, तेव्हा हे आपल्याला लगेच पटेल : गोलाला स्पर्श करून डोळ्याकडे येणाऱ्या किरणांचा शंकू होतो, आणि मध्यापासून इतक्या बाजूला असलेल्या गोलाचा तो शंकू चित्राच्या प्रतलाने तिरका छेदला जातो. म्हणून त्याची आकृती लंबवर्तुळ यायला हवी. राफाएलने मात्र दोन्ही गोल वर्तुळाकार काढले. व्हॅटिकनमधील त्या दालनात माणसे एका ठिकाणी डोळा रोवून उभी राहत नाहीत. ती हिंडतात, जवळ जातात, मागे येतात. ताणलेला गोल त्यांना मध्यबिंदूसमोरच्या एकाच जागेवरून गोल वाटला असता आणि इतर सर्व ठिकाणांहून लंबगोल. कडेच्या माणसांनाही राफाएलने हाच न्याय लावला आहे : दालन एका डोळ्याने पाहिलेले आहे, परंतु त्यातील प्रत्येक व्यक्ती तिच्या अगदी समोर उभे राहून पाहिल्यासारखी रंगवली आहे.